माझ्या प्रोग्रामला पान वाढा

डिसेंबरात आमच्या घरी सकाळी साडेदहाला कुकरची शिट्टी होते. घरातली बाकी मंडळी तिला शिट्टीच म्हणतात. मी तिला तिसरी घंटा म्हणते. ती झाली की मी गॅस बंद करते, ओढणीला हात पुसते, टेबलावरची लोणच्याची बरणी बाजूला सारते आणि लॅपटॉप उघडते. समोर सोफ्यावर सासूबाई मटार सोलत बसलेल्या असतात. त्या प्रेक्षक. तिकीट न काढता आलेल्या, पण पहिल्या रांगेतल्या.

त्याच वेळी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला मध्यरात्र होते आणि एका संकेतस्थळावर प्रोग्रामिंगचं नवं कोडं उघडतं. डिसेंबरात रोज एक. वर एक गोष्ट असते, कुणी वाळवंटात हरवलेलं, कुणाची तिजोरी उघडत नसलेली, आणि गोष्टीच्या पोटात गणित. प्रोग्राम लिहायचा, त्यातून एक आकडा काढायचा, तो बरोबर आला की पडद्यावर शाबासकी. बक्षीस काही नाही. पण शाबासकीसाठी मी काय वाटेल ते करते, हे कारेलीबागेत आमच्या सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा माहीत आहे.

मी कॉम्प्युटरची इंजिनियर आहे, हे मात्र फारसं कुणाला माहीत नाही. पदवीनंतर काही वर्षं इथेच एका छोट्या कंपनीत बिलांचे प्रोग्राम लिहिले, मग मुलगी झाली, मग सासरे आजारी पडले, मग नोकरी कुठेतरी मागे राहिली. आता दुपारी पुढच्या खोलीत नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते आणि वर्षातून एकदा मराठी मंडळाच्या नाटकात खाष्ट सासूचं काम करते. घरी सासूबाई ते काम अजिबात करत नाहीत, त्यामुळे मला कुणाची नक्कलही मारता येत नाही, सगळं स्वतःच्या प्रतिभेवर उभं करावं लागतं.

कोड्यांचा नाद लावला तो कॉलेजातल्या तीन दोस्तांनी. त्यांची नावं सांगत नाही, सांगितली तर मानधन मागतील. एक पुण्याची. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि जीभ अशी की कोथिंबीर चिरून घ्यावी. दुसरा टोरांटोत. तिथे बारा वाजले की हा पांघरुणात लॅपटॉप घेऊन बसतो. तिसरा इथलाच, निजामपुऱ्यात राहणारा गुजराती, बँकेच्या कॉम्प्युटर विभागात. मला कॉलेजपासून ‘बेन’ म्हणतो आणि शेव-उसळीच्या वरच्या रश्शासाठी माझ्याशी अजूनही भांडतो. मी धरून चौघं, आणि फोनवर आमचा एक ग्रूप.

या कोड्यांची गंमत अशी, की गोष्ट सगळ्यांना एकच, पण आकडे प्रत्येकाला वेगळे. शाळेत शेजारी बसणाऱ्या दोघींना बाई वेगवेगळी गणितं घालायच्या तसं. शेजाऱ्याचं उत्तर पाहून काही उपयोग नाही. यातूनच आमच्या ग्रूपवर पंगतीची प्रथा निघाली. काढली पुण्याच्या बाईंनी. त्यांचं म्हणणं, स्वतःच्या आकड्यांवर प्रोग्राम चालला तर त्यात काय मोठं? स्वतःच्या घरी कुणीही जेवतो. तो दुसऱ्यांच्या घरी जेवला पाहिजे. म्हणून प्रत्येकाने आपला प्रोग्राम ग्रूपवर टाकायचा, बाकीच्या तिघांनी त्यात आपापले आकडे घालून तो चालवायचा. उत्तर बरोबर आलं तर लिहायचं ‘जेवला’. चुकलं तर ‘उपाशी उठला’. तिन्ही घरी जेवला की पुण्याहून जाहीर व्हायचं, ‘पंगत उठली’. दुसरा नियम, कुठल्याही हुशार यंत्राला उत्तर विचारायचं नाही. यंत्राला विचारणं म्हणजे बाहेरून डबा मागवणं.

पहिल्या डिसेंबरात मी हवेतच होते. मी प्रोग्राम टाकला की धडाधड टाळ्या. टोरांटोच्या प्रोग्रामला पुण्याहून ऐकून घ्यावं लागायचं, “याने माझ्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही.” निजामपुऱ्याच्या प्रोग्रामला, “हा जेवायला आलाय की झोपायला?” माझा मात्र कधीच उपाशी उठला नाही. एकदाही नाही! मी नंदेसरीला, नवऱ्याच्या कारखान्यात, डब्याच्या सुट्टीत फोन करून सांगायची, “अहो, आजही पंगत उठली!” तो म्हणायचा, “छान. आणि भेंडी तिखट झाली आहे.”

दुसऱ्या डिसेंबरात कुठेतरी खटकायला लागलं. रंगमंचावर उभं राहिलेल्या माणसाला टाळीचा कान असतो. वाक्य पोचल्याची टाळी वेगळी आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण एकदाचं संपल्याची टाळी वेगळी. मला येणारी टाळी पाहुण्यांची होती. शिवाय ती फार लवकर यायची. दुसऱ्याचा प्रोग्राम उघडून, त्यात आपले आकडे घालून, चालवून बघायला निदान चहा उकळण्याइतका वेळ लागतो. माझ्या टाळ्या पातेलं गॅसवर चढायच्या आत यायच्या.

मग मी सापळा लावला. फार आनंदाने लावला.

त्या दिवशीचं कोडं मी रीतसर सोडवलं, माझी शाबासकी घेतली. मग बसून दुसराच एक प्रोग्राम लिहिला. त्यात ओळ एकच. कुठलेही आकडे घाला, काहीही करा, तो पडद्यावर एवढंच छापायचा, ‘शिऱ्यात साखर जास्त झाली आहे.’ तो ग्रूपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आजचा माझा. नीट बघा हं.’

पहिला निजामपुरा. “वाह बेन! जोरदार!”

मग टोरांटो. “किती सुटसुटीत लिहिलंयस गं.”

पुण्याहून नुसता अंगठा.

सुटसुटीत होताच तो, त्यात वाद नाही. मी टेबलावर डोकं ठेवून अशी हसले, की सासूबाईंच्या हातातले मटार सांडले.

“काय गं, कोण पडलं?”

“अजून कुणी नाही, आई. आता पडतील. बघा तुम्ही.”

मी लिहिलं, ‘सगळ्यांकडे जेवला ना?’

“पोटभर,” टोरांटो.

“हा बेन, बराबर आव्युं,” निजामपुरा.

‘साखर जास्त नाही ना वाटली?’

टोरांटोच्या नावाखाली ‘टाइप करत आहे’ आलं, गेलं, परत आलं, परत गेलं. निजामपुऱ्याने विचारलं, “बेन, कई खांड?” म्हणजे कुठली साखर. आणि मग त्याला बहुधा प्रोग्राम उघडायची बुद्धी झाली, कारण पुढे त्याने नुसते हात जोडलेले पाठवले. ओळीने बरेच.

तेवढ्यात फोन वाजला. पुणे.

“काय हा चावटपणा?”

“शिरा आहे. आत्ताच खाल्लास ना?”

“मी मीटिंगमध्ये आहे.”

“मग अंगठा कसा दिलास?”

तिकडे दार लागल्याचा आवाज आला, बाई मीटिंगमधून बाहेर आल्या होत्या.

“हे बघ,” ती म्हणाली, “आम्ही तिघं दिवसभर हेच करतो. आमची भाकरीच ती आहे. तू इतक्या वर्षांनी हौसेने परत सुरू केलंस. तेव्हाच आम्ही ठरवलं, तुझा चालवून बघायचा नाही, मोडायचा नाही. उगाच हिरमोड व्हायचा आणि तू सोडून द्यायचीस. तू ग्रूपवर असलीस की मजा येते गं.”

“म्हणजे मी मध्यंतरातला वडेवाला.”

“तसं नाही.”

“तसंच आहे.” माझं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. “ऐक. माझा हिरमोड माझ्याकडे राहू दे, मी बघते त्याचं काय करायचं ते. मला पान वाढा, आणि चुकलं तर सरळ पानावरून उठवा. बाहेरच्या खोलीत बसवून नुसता चहा पाजून पाठवू नका.”

“उद्या मोडला तर?”

“मोडू दे.”

“मी फार वाईट बोलते.”

“नवीन काहीतरी सांग.”

“मग रडायचं नाही.”

“रडले तरी तुला खरं वाटणार नाही, इतकी नाटकं केली आहेत मी.”

फोन ठेवला तेव्हा माझा आवेश बघण्यासारखा होता. पडदा पडावा असा. पण पडदा पडल्यावर विंगेत एकटीच उभी राहिले. उद्या मोडला तर? परवाही मोडला, रोजच मोडायला लागला तर? म्हणजे त्यांनी दाखवलेली दया रास्तच होती असं ठरायचं. इतके दिवस मी जिला इंजिनियर समजत होते, ती नुसती मटारवाल्या प्रेक्षकाची लाडकी नटी निघायची. त्या दिवशी मुलांना वर्गसमीकरणं शिकवताना फळ्यावर दोनदा चिन्ह चुकवलं.

दुसऱ्या दिवशी तिसरी घंटा झाली आणि कोडं उघडलं. विमानतळाचं एक भलंमोठं दालन, जमिनीवर चौकोनी फरश्या, काही फरश्यांवर बाण काढलेले. सामानाची एक ट्रॉली सोडून द्यायची. बाण आला की त्या दिशेला वळायचं, नाही आला तर सरळ जायचं. दालनाबाहेर पडेपर्यंत ट्रॉली किती वेगवेगळ्या फरश्यांवरून गेली, एवढंच सांगायचं. मला वाटलं, देव पावला. आमटीला फोडणी बसायच्या आत माझं उत्तर बरोबर आलं. ग्रूपवर टाकला.

टाळी नाही.

काही क्षण गेले, तरी टाळी नाही. खरं सांगते, इतकी सुंदर शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. तीन शहरांत तीन माणसं खरोखर माझा प्रोग्राम उघडून बसली होती.

“बेन, जमी लीधुं,” निजामपुरा. जेवला! एक घर झालं.

“जेवला,” टोरांटो. “पण जेवताना तोंडाचा आवाज फार करतो. प्रत्येक फरशीची माहिती कशाला छापतेस?” किती गोड टीका! दोन घरं झाली.

मग पुण्याहून भलामोठा मजकूर आला. मी उभी राहिले, घसा साफ केला आणि सासूबाईंना तो पुण्याच्याच आवाजात वाचून दाखवला.

“तुझी ट्रॉली माझ्याकडे दालनाच्या वरच्या भिंतीतून बाहेर पडली आणि खालच्या भिंतीतून परत आत आली. मग तिथल्या चार बाणांत अडकून गोल गोल फिरत राहिली. थांबायचं नाव नाही. लॅपटॉपचा पंखा बोंबलतोय आणि ऑफिसातली माणसं वळून बघताहेत. हा प्रोग्राम आहे की जत्रेतला पाळणा? उपाशी उठला. नुसता उठला नाही, ताट घेऊन पळाला. आणि आडव्या-उभ्या जागांना ‘क’ आणि ‘ख’ अशी नावं कोण देतं? बालवाडी आहे का?”

“एवढं कोण बोललं तुला?” सासूबाई रागावल्या.

“पुणं.”

“आणि तू हसतेस काय?”

“आई, माझा प्रोग्राम मोडला!”

“मग पेढे आणायला सांगू?”

“थांबा, आधी दुरुस्त होऊ दे.”

पण दुरुस्त काय करायचं, ते कळेना. माझ्या आकड्यांत ट्रॉली उजवीकडून बाहेर पडत होती. बाहेर पडली की प्रोग्राम ओरडायचा, ‘इथे फरशीच नाही,’ आणि त्या ओरडण्यालाच मी ‘संपलं’ असं धरलं होतं. विचारलं, तर निजामपुऱ्याची ट्रॉलीही उजवीकडून गेली होती, टोरांटोची खालून. दोघांकडे ठीक. मग वरून गेलेली ट्रॉली खालून परत कशी येते? असं काही मी लिहिलंच नव्हतं! पुन्हा पुन्हा वाचलं. नव्हतंच लिहिलं.

आमटी उतू गेली. सासूबाई म्हणाल्या, “ते मटाराच्या टरफलांचं ताट तरी मागे टाकून ये, माशा बसताहेत.”

आमचं घर टेनामेंट, म्हणजे बैठं घर, पुढे दार, मागे दार, बाजूला अरुंद बोळ आणि आव मात्र बंगल्याचा. मी ताट घेऊन मागच्या दाराने गेले, टरफलं टाकली, वळले, तर दार बंद. मांजर दुधावर येतं म्हणून सासूबाईंनी नेहमीच्या सवयीने कडी घातली होती. मी हाका मारल्या. त्यांनी टीव्ही लावला होता. शेवटी बाजूच्या बोळातून, शेजाऱ्यांची स्कूटर चुकवत, पुढच्या दाराशी आले आणि घंटी वाजवली.

सासूबाईंनी दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आत्ता मागून गेलीस ना? पुढून कशी आलीस?”

मी उंबऱ्यावर रिकामं ताट घेऊन उभी. मागून बाहेर, पुढून आत. वरून बाहेर, खालून आत. कडी!

वरच्या भिंतीला मी कडीच घातली नव्हती. फरश्यांच्या रांगा शून्यापासून मोजायच्या. शून्य नंबरच्या रांगेतून आणखी वर गेलं की रांग येते उणे एक. माझी समजूत, उणे एक नावाची रांगच नाही, तेव्हा प्रोग्राम आपणहून ओरडेल. पण मी हल्ली ज्या भाषेत लिहिते ती भाषा फार अगत्यशील. उणे एक म्हटलं की तिला वाटतं, तुम्ही शेवटाकडून मोजताय, आणि ती नम्रपणे सगळ्यात शेवटची रांग पुढे करते. ‘या ना, खालून या.’ कॉलेजात शिकलेल्या भाषेला असलं अगत्य ठाऊक नव्हतं, म्हणून मी बेसावध. डावीकडेही हेच झालं असतं. तिकडून कुणाची ट्रॉली गेली नव्हती, इतकंच.

“आई, ताट धरा!”

एक ओळ घातली. रांग किंवा जागा शून्याच्या खाली गेली की दालन संपलं. ‘क’ आणि ‘ख’ची नावं ‘रांग’ आणि ‘जागा’ केली. फरश्यांची बडबड काढून टाकली. ग्रूपवर टाकला आणि लिहिलं, ‘पुन्हा वाढा.’

निजामपुऱ्याने लगेच नाही, चहाएवढा वेळ घेऊन लिहिलं, “फरी जमी लीधुं.” टोरांटो तोवर झोपला होता. पुण्याहून काही नाही. जेवणं झाली, भांडी झाली, दहावीची मुलं आली. मुलांचे फोन वर्गात जमा करून घेणारी मी, माझा फोन डस्टरखाली लपवून बसले होते.

“मेम, तमारो फोन,” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. डस्टर थरथरत होतं.

मी उचलला. एकच शब्द. ‘जेवला.’

आणि त्याखाली, ‘पंगत टोरांटो उठल्यावर उठेल. नियम म्हणजे नियम.’

हे दुसरं वाक्य मी कितीदा वाचलं असेन! आधीच्या डिसेंबरात असं कुणी थांबलं नव्हतं. टोरांटो झोपलाय की जागा, याची कुणाला पर्वा नव्हती. आता एक कामात बुडालेली बाई माझ्या प्रोग्रामसाठी पंगत धरून बसली होती. मी फळ्याकडे वळले आणि मुलांना सांगितलं, “आज मॅडमची एक मोठी चूक सापडली आहे.” वर्गात आनंदाची लाट पसरली. मी त्यांना दालन काढून दाखवलं, बाण काढून दाखवले, ट्रॉली होऊन पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेले आणि बोळातून फिरून पुढच्या दाराने परत आले. वर्गसमीकरणं दुसऱ्या दिवसावर गेली.

दिवेलागणीला टोरांटो उठला. “जेवला,” त्याने लिहिलं. “आवाजही करत नाही. आणि शिऱ्याबद्दल सॉरी गं.”

‘पंगत उठली,’ पुणे.

नवरा कारखान्यातून आला, तेव्हा मी त्याला दारातच गाठलं.

“म्हणजे तुझं चुकलं होतं?” तो बूट काढत म्हणाला.

“हो!”

“आणि ती पुण्याची तुला बोलली?”

“काय बोलली म्हणून सांगू! तुम्ही आधी बसा. नीट पहिल्यापासून सांगते.” सासूबाईंनी त्याला नजरेने खूण केली, बस बाबा, सुटका नाही. मग मी सगळं करून दाखवलं. पुणं, टोरांटो, निजामपुरा, आणि ट्रॉली तर दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुकर चढवत होते. कोडं उघडायला अजून वेळ होता. तोच फोनवर निरोप आला. पुण्याहून.

‘आज सगळ्यात आधी तुझा चालवणार आहे. नीट लिही. मोडायच्या तयारीतच बसले आहे.’

मी तो सासूबाईंच्या पुढे धरला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला.

“फार भांडखोर आहे गं ही बाई.”

“आहे ना?” मी म्हटलं. अभिमानाने माझा ऊर भरून आला होता, आणि या वेळी मी नाटक करत नव्हते. “माझ्यासाठी लवकर आली आहे ती.”

शिट्टी झाली. मी गॅस बंद केला आणि लोणच्याची बरणी बाजूला सारली.